खाडीच्या पाण्यात ऊन काय करतं

नमस्कार मंडळी. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, जिथून ऐकताय तिथे सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय खाडीच्या पाण्याच्या रंगाबद्दल. ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाली ते मातकट पाणी दिसतं ना, आपण लगेच म्हणतो घाण पाणी. आता सांडपाणी त्यात जातंच, गाळही आहे, पण हा सगळा गाळ बारीक फिल्टरने काढून टाकला तरी पाण्यात एक फिकट पिवळसर झाक उरते. ती असते विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांची. काठावर तिवरांची पानं गळतात, चिखलात भिजतात, कुजतात, त्यातलं टॅनिन, म्हणजे पानांतलं तपकिरी रंग देणारं द्रव्य, आणि आणखी असंख्य रेणू पाण्यात उतरतात आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात.

इथे ऊन कामाला लागतं. हे रंगीत रेणू निळा प्रकाश आणि त्याहून जास्त अल्ट्राव्हायोलेट शोषून घेतात. शोषलेली ऊर्जा कुठेतरी जाणारच, मग कधी रेणू स्वतःच तुटतो, तर कधी तो ती ऊर्जा पाण्यातल्या ऑक्सिजनला देतो आणि तो चेकाळलेला ऑक्सिजन दुसऱ्या रेणूंवर तुटून पडतो. खिडकीतला पडदा उन्हानं विटतो ना, तसं पाणीसुद्धा विटतं. मोठ्या रेणूंचे तुकडे होऊन फॉर्मिक अ‍ॅसिडसारखे छोटे रेणू होतात, ते बॅक्टेरिया पटकन खातात, काही कार्बनचा थेट कार्बन डायऑक्साईड होतो, आणि थोड्याचा, हे मला खरंच फार भारी वाटतं, कार्बन मोनॉक्साईड! गाडीच्या धुरातला तोच वायू, भर समुद्रात, धुराचा पत्ता नसताना, नुसत्या उन्हानं तयार होतो. दुपारी वाढतो, मग काही हवेत जातो, काही बॅक्टेरिया संपवतात, आणि पहाटेपर्यंत अगदी कमी होतो.

हे तपासतात कसं? पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, म्हणजे बहुतेक बॅक्टेरिया बाहेर. मग ते क्वार्ट्झच्या नळ्यांत भरायचं, कारण साधी काच अल्ट्राव्हायोलेटचा जास्त जोरकस भाग अडवते. काही नळ्या उघड्या, काही अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेल्या, पण सगळ्या एकाच टबात, एकाच तापमानाला, शेजारी शेजारी उन्हात ठेवायच्या. नंतर दोन्हीत जो फरक सापडेल तो उन्हाच्या उष्णतेचा नाही, प्रकाशाचाच.

आता जरा मोठा हिशोब. जगभरच्या समुद्रात अशा विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन साधारण ६६० अब्ज टन आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमधल्या कार्बनच्या तोडीचा. पण मोकळ्या समुद्राचं एक लिटर पाणी घेतलं तर त्यात जेमतेम एक मिलिग्रॅम, खोलवर तर त्याहूनही कमी. आणि खोल पाण्यातल्या या कार्बनचं सरासरी वय कार्बन डेटिंगनं ४ ते ६ हजार वर्षं निघतं, म्हणजे बॅक्टेरिया तिथे असूनही त्याला फारसं तोंड लावत नाहीत. १९९१ साली समुद्राच्या पाण्याचं रसायन अभ्यासणारे केनेथ मॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की खोल पाण्यातला हाच चिवट माल वर उन्हात आला की तुटायला लागतो. हजारो वर्षं अंधारात टिकलेला माल!

मग आपल्या खाडीत काय होतं? ऊन भरपूर आहे हो, पण पाणी इतकं गढूळ की अल्ट्राव्हायोलेट वरच्या पातळ थरातच संपतं, स्वच्छ निळ्या समुद्रात ते कित्येक मीटर खाली जातं. म्हणून पानांचा हा अर्क खाडीत कमी विटतो, बाहेर गाळ खाली बसला की मग उन्हाच्या तावडीत सापडतो. त्यामुळे कोणी म्हणालं की एवढं कडक ऊन पडतंय, खाडी आपोआप साफ होईल, तर ऐकून घेऊ नका. उन्हानं धातू नाहीसे होत नाहीत, आणि नाल्यातून रोज येणाऱ्या सांडपाण्याला ते पुरं पडणार नाही, ते आधी प्रक्रिया करूनच सोडायला हवं. पावसाळ्यात तर आणखी अवघड, आकाशात ढग, पाण्यात नदीनाल्यांचा गाळ, उन्हाचा हात पाण्यात फारसा पोचतच नाही, आणि जमिनीवरचा सेंद्रिय माल नेमका त्याच महिन्यांत धो धो वाहून खाडीत येतो.