ग्रीन टी: उकळायचा नाही, जेवणावर प्यायचा नाही

नमस्कार श्रोतेहो.

हिरवा चहा म्हटलं की आपल्याकडे अनेकांना परसातल्या गवती चहाची पात आठवते. सर्दी झाली की आल्याबरोबर उकळतो ना, ती. आजचा विषय तो नाही. गवती चहा हे खरोखरच गवत, त्यात कॅफीनही नसतं. ग्रीन टी मात्र आपल्या रोजच्या चहा पावडरीच्याच झाडाचा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तशी चहाची पानंही चुरगळली की काळपटतात. काळा चहा करताना ती मुद्दाम काळपटू देतात. ग्रीन टीसाठी पानं खुडल्यावर लवकरच त्यांना उष्णता देतात. जपानात वाफेवर, चीनमध्ये बहुतेक वेळा कढईत परतून. त्यामुळे पान काळं पाडणारं एन्झाइम निकामी होतं आणि पानातली कॅटेचिन्स, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं, टिकून राहतात. ग्रीन टीच्या गुणांची सगळी चर्चा याच कॅटेचिन्सभोवती चालते.

आता करायचा कसा? आपला हात बसलाय तो चहा रटरटा उकळायला, आणि घोटाळा तिथेच होतो. उकळत्या पाण्यात पानांचा तुरटपणा आणि कडवटपणा एकदम उतरतो. मग तो मारायला मध, मधाने भागलं नाही की साखर. पाणी हवं ८० अंशांच्या आसपास. त्यासाठी थर्मामीटर नको. पाऊण कप पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा आणि त्यात पाव कप माठातलं पाणी ओता. झालं ८० अंश. पाणी आधी, पानं नंतर. २०० मिलिलिटरला दोन ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा चमचा पानं घाला, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटांनी गाळा. रंग फिकट पिवळसर-हिरवा यायला हवा. तपकिरी आला तर पानं जुनी आहेत किंवा पाणी फार गरम होतं. टी-बॅग असेल तर ती चमच्याने दाबून पिळू नका. शेवटचे ते चार थेंबच सगळ्यात कडू. चांगल्या पानांवर दुसरं पाणीही घालता येतं, पण दूध मात्र नको.

फायद्यांकडे येऊ. जपानच्या मियागी प्रांतात ४०,५३० प्रौढांची ११ वर्षं नोंद ठेवली गेली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू एका कपापेक्षा कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत स्त्रियांत ३१ टक्के, तर पुरुषांत २२ टक्के कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये मात्र फरक आढळला नाही. शिवाय ही फक्त नोंद होती. चहा पिणाऱ्यांच्या जेवणाखाण्याचा वाटा त्यातून पुरता वेगळा काढता येत नाही. आणि तिथला कप १०० मिलिलिटरचा! पाच कप म्हणजे आपले दोन-अडीच मग.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर प्रयोगांमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी चार-पाच मिलिग्रॅमने उतरतं. १६० चं १५५. चांगलंच आहे, पण एवढ्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. वजनाबाबत तर जाहिराती फारच पुढे गेल्यात. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात वजनातली घट नगण्य निघाली. दिवसाचे चार गोड चहा सोडून त्याजागी बिनसाखरेचा ग्रीन टी घेतला, तर कपाला दोन चमच्यांच्या हिशेबाने ४० ग्रॅम साखर वाचते, म्हणजे सुमारे १६० कॅलरी. मग वजन उतरलं तर श्रेय त्या न घातलेल्या साखरेचं.

जेवणावर पिऊ नका, हे जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्या ताटातलं लोह येतं पालेभाज्या, डाळी, नाचणी, बाजरी यांतून. हे लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि कॅटेचिन्स पोटात त्याला धरून ठेवतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेता जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास हा चहा नकोच. लोहाची गोळी तर त्याच्यासोबत कधीच घेऊ नका. अनशापोटीही नको, अनेकांना मळमळतं. सकाळच्या नाश्त्यानंतर तासाभराने किंवा दुपारी चारला प्यावा. एका कपात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं, त्यामुळे झोप हलकी असणाऱ्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. गरोदरपणात चहा, कॉफी, सगळं मिळून कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

कप आणि कॅप्सूल यांत गल्लत करू नका. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांतून ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं, तर यकृताला इजा होण्याची लक्षणं दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. गोळ्या घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा रक्तदाबावरचं नॅडोलॉल चालू असेल, तर रोजचा ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

राहता राहिली साठवण. थर्मासमध्ये दिवसभर भरून ठेवलेला ग्रीन टी तपकिरी पडतो, तो पिण्यात अर्थ नाही. सुकी पानं घट्ट झाकणाच्या, उजेड न लागणाऱ्या डब्यात ठेवा, आणि तो डबा मसाल्याच्या डब्याशेजारी नको; चहा वास पटकन ओढतो. पावसाळ्यात लहान पुडाच आणावा. डबा उघडल्यावर ताज्या पाल्याऐवजी जुन्या वहीसारखा वास आला, तर ती पानं कुंडीत टाका.