शॅक उतरले की श्रीलंका

मे संपत आला की गोव्यात मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर हेच चित्र. शॅक, म्हणजे सीझनपुरती किनाऱ्यावर उभी राहणारी हॉटेलं, उतरवायचं काम चालू, बांबू एका बाजूला, झापं एका बाजूला, आणि कूक, वेटर, वॉटरस्पोर्ट्सवाली पोरं, गेस्टहाऊसवाले सगळे एकदम मोकळे. सीझनभर दुसऱ्यांच्या ट्रिपा सांभाळल्या, आता आपली करायची, पण सुट्टी मिळते ती नेमकी पावसात आणि खिसा काय तो बेताचाच.

मग कोणीतरी श्रीलंकेचं नाव काढतो. दुसरा लगेच मोबाईल बघून सांगतो, अरे जून ते ऑगस्ट तिथे ऑफ सीझन, पाऊस.

अर्धंच खरं आहे हे. नकाशा बघा. मे ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल, मिरिस्सा या बाजूला पडतो आणि मधले डोंगर त्याला अडवतात, आपल्याकडे चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढे गेलं की पाऊस कमी होत जातो ना, तसंच. पलीकडचा पूर्व किनारा, त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे, तिथे त्याच महिन्यांत ऊन आणि शांत समुद्र. त्यांचा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्येकडून येतो. म्हणजे आपले शॅक बंद तेव्हा त्यांचा सीझन चालू, आणि दक्षिणेचे फेमस बीच या वेळी सरळ सोडून द्यायचे. बजेट इथेच निम्मं वाचतं, कारण अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालायचा हट्ट सुटतो. बेट 65,610 चौरस किलोमीटरचं आहे, गोवा 3,702. आठवड्यात सगळं बघतो म्हणणारा माणूस बेट नाही, टॅक्सीची खिडकी बघून येतो.

पोचायचं कसं? विमानाने चेन्नई किंवा बेंगळुरूमार्गे कोलंबो हा सोपा रस्ता. दुसरा जरा गमतीचा, तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून कांकेसंतुरईला जाणारी फेरी बोट. 2023 मध्ये सुरू झाली, थोड्याच दिवसांत थांबली, 2024 च्या ऑगस्टमध्ये परत चालू झाली. चारेक तासांत जाफनाजवळ उतरवते, म्हणजे उत्तर आणि पूर्व करायची तर कोलंबोला जायची गरजच नाही. पण हवामान बिघडलं की फेरी रद्द होते, त्यामुळे दोन्हीकडे एकेक दिवस मोकळा ठेवा. गोव्याचे संत जोसेफ वाझ 1687 साली असेच तुतिकोरिनहून समुद्र ओलांडून जाफनाला गेले होते, तेही भिकाऱ्याच्या वेषात, कारण डच राजवटीत कॅथलिक पाद्रींना बंदी होती. बजेट ट्रिप म्हणायची तर ती.

व्हिसासाठी ईटीए (प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) निघायच्या आधी ऑनलाईन काढा, फक्त सरकारी साईटवरून, सारख्या दिसणाऱ्या बनावट साईटी आहेत. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा जुन्या माहितीवर, अगदी इथल्यासुद्धा, विसंबू नका.

आता पैसे. आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनच्या वर येतात, म्हणून पाटीवरचे आकडे बघून घाबरायचं नाही. लाल सरकारी बसला भाडं किरकोळ, थर्ड क्लासची ट्रेनही तशीच. रिक्षा ॲपवरून बोलवा, तिथे हे निवांत चालतं (गोव्यात ॲप टॅक्सीवरून किती भांडणं होतात ते सांगायला नको). जेवणाला राईस ॲण्ड करी मागा, भात, माशाची आमटी, नारळाचा सांबोल (चटणी), शीतकडीवर, म्हणजे भात-आमटीवर, वाढलेल्याला दुसरं काय पाहिजे. खर्च फुटतो तो तिकिटांवर. सिगिरिया या खडकावरच्या जुन्या किल्ल्याचं विदेशी तिकीट डॉलरमध्ये आहे आणि चांगलंच झोंबतं, भारतीय पासपोर्टवर सार्कची सवलत मिळते म्हणून पासपोर्ट रूमवर ठेवून जाऊ नका. तरी जड वाटलं तर समोरचा पिदुरंगला नावाचा खडक चढा, बऱ्याच कमी पैशात होतं आणि सिगिरियाचा खडक अख्खा दिसतो तो तिथूनच.

त्रिंकोमालीला मात्र घाई नको. समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वरम आहे, शंकराचं देऊळ. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड शेजारच्या किल्ल्याला वापरले. आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला कसा आला हे ज्याला माहीत आहे त्याला इथे गाईड लागत नाही.

कँडी ते एल्लाची डोंगरातली ट्रेन सगळ्यांनाच हवी असते, आणि एल्लाच्या जरा पुढे 1921 चा तो नऊ कमानींचा पूल. रिझर्व्हेशन साधारण महिनाभर आधी उघडतं आणि भराभर संपतं, नाही मिळालं तर स्टेशनवर अनरिझर्व्ह तिकीट काढून उभ्याने चला, मजा तशीही दारातच. फक्त नोव्हेंबर 2025 च्या दितवा चक्रीवादळाने डोंगरातल्या रुळांचं मोठं नुकसान झालं, तेव्हा गाडी कुठपासून कुठपर्यंत चालू आहे ते आधी विचारून घ्या. एल्लाहून बस बदलत बदलत पोत्तुविल, त्याला लागूनच अरुगम बे, आणि तिथे जून-जुलैत सर्फर भरलेले असतात. भाव करताना लाजू नका, आपणही सीझनला हेच करतो.

एक लक्षात ठेवा, दर पौर्णिमेला तिथे पोया, सरकारी सुट्टी, दारूची विक्री बंद आणि बस-ट्रेनला गर्दी. कॅलेंडर बघून त्या दिवशीचा प्रवास टाळा.

आणि रिटर्न तिकीट सगळ्यात आधी, गणेश चतुर्थीच्या आधीचं. जवळ आली की गावाला परतणाऱ्यांची गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात, आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला हजर नसलात तर घरचे श्रीलंकेचे फोटोसुद्धा बघणार नाहीत.