नव्या लाकडी खोलीतली ओल

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात मृगाचा पाऊस सुरू झाला की चामडी चपला पुसून, कोरड्या करून आत ठेवायच्या, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. नाही ठेवल्या तर आठ दिवसांत अंगठ्यावर पांढरी बुरशी चढते. लाकडाचं गणित याहून फार वेगळं नाही, हे मला मागच्या पावसाळ्यात कळलं.

मी करसल्लागार आहे. घरात माणसांची ये-जा नको म्हणून परसात, पेरूच्या झाडाशेजारी, 10 बाय 12 फुटांची लाकडी खोली बांधून घेतली. मे महिन्यात काम संपलं. जुलैत, रिटर्न भरायची गर्दी ऐन भरात असताना, दार चौकटीत अडकायला लागलं. मग कुबट वास. फायलींचं कपाट ओढलं तर मागे तळहाताएवढे काळपट हिरवे डाग, आणि खालच्या खणातल्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. खोली बांधणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यात एवढं चालायचंच. वॉटरप्रूफ रंगाचा एक हात मारून देतो."

तो हात मी मारू दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. ओल्या लाकडावर रंग चढला की आतलं पाणी आतच कोंडतं. आधी शोधायचं ते पाणी येतंय कुठून.

आमच्या ओळखीचे सुतारमामा आले. त्यांनी पश्चिमेकडच्या भिंतीची सगळ्यात खालची फळी टोकाला पटाशीने दाबली. टोक सहज रुतलं आणि कडेने पाणी झिरपून आलं. "ताई, अजून कुजलं नाही. पण चार पावसाळे असेच गेले तर भुसा होईल," ते म्हणाले. लाकडात उभ्या बारीक नळ्या असतात. फळीचा तासलेला अंग पाणी हळू घेतो, कापलेलं टोक मात्र घटाघटा पितं. आणि आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून येतो, झडीसकट. माझ्या छपराची वळचण जेमतेम 4 इंच बाहेर. पागोळ्यांचं पाणी शहाबादी फरशीवर आदळून दिवसभर त्या फळीवर उडत होतं.

पेठांतले जुने वाडे आठवून बघा. लाकडी खांब तिथे जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत. जोता उंच, वळचण भरपूर पुढे. पाऊस ओळखून बांधलेली घरं होती ती. आम्ही आता छपराचा पत्रा दोन फूट बाहेर काढला, पन्हळ लावली आणि भिंतीलगतची फरशी उखडून तिथे खडी टाकली. खडीवर पडलेलं पाणी फारसं उडत नाही. उघडीप मिळाल्यावर खालच्या फळ्या वाळू दिल्या, नंतर त्यांच्या टोकांना बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, तीन हात दिले. लाकडातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. दोन सुयांचं मोजयंत्र मिळतं, ते टोचलं की आकडा कळतो.

एवढं करूनही कपाटामागचे डाग परत आले. मग जमिनीवर संशय घेतला. कोबा नवा होता, आणि नवा कोबा कित्येक महिने ओल सोडत राहतो. जमिनीवर दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. तुकड्याच्या खाली थेंब आले असते तर ओल जमिनीची. खाली कोरडं होतं.

उरली हवा. आणि खरा घोळ तिथेच होता.

आतल्या फळ्या काढल्या तर मागे प्लॅस्टिकचा कागद, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे ओघळ. असा कागद थंड देशांतल्या लाकडी घरांत आतल्या बाजूला लावतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. तिथे ऊब आणि बाष्प घरात, गारठा बाहेर. बाष्प आतून बाहेर जायला बघतं, त्याला आतच अडवायचं. आपल्याकडे पावसाळ्यात उलटं होतं. बाहेर 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा 23 अंशांच्या आसपास गार झाली की पाणी सोडते. माझा एसी 20 वर. बाहेरचं बाष्प भिंतीतून आत येत होतं, एसीने गार केलेल्या प्लॅस्टिकला अडत होतं आणि तिथेच त्याचं पाणी होत होतं. थंड ताकाच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, अगदी तसं. दुसऱ्या मुलखाची भिंत जशीच्या तशी उचलून आणली, त्याचे हे परिणाम.

कागद काढून टाकला. बाहेरच्या फळ्या उभ्या पट्ट्यांवर बसवल्या, म्हणजे फळ्यांमागे बोटभर पोकळी राहिली. तिला वर-खाली बारीक जाळी लावली, हवा खेळती राहिली. मे महिन्यात घट्ट ठोकलेल्या फळ्या जुलैत फुगून वाकल्या होत्या, तेव्हा या वेळी दोन फळ्यांत थोडी फट ठेवली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणलं. एसी 26 वर.

बुरशी पुसताना कोरडा ब्रश मारू नका, तिची पूड नाकातोंडात जाते. तोंडाला मास्क बांधा, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं घ्या.

ओल आली की "खिडक्या उघड्या ठेव," असं सगळेच सांगतात. श्रावणात कडक ऊन पडलं तर जरूर उघडाव्यात. पण दिवसभर रिपरिप चालू असताना उघडी खिडकी ओलच आत घेते. तेव्हा खिडक्या बंद ठेवून एसी ड्राय मोडवर चालवलेला बरा. ओले रेनकोट, छत्र्या दाराबाहेर. बसलेला माणूससुद्धा श्वासातून, अंगातून तासाला 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार जणांची बैठक दोन तास चालली तर 320 ते 400 ग्रॅम, म्हणजे दीड-दोन पेले पाणी खोलीत जमा झालेलं असतं.

टेबलावर आता आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आहे. 60 च्या वर काटा गेला की मी उठून एसीचा मोड बदलते. काल दिवसभर संततधार होती. संध्याकाळी काटा 57 वर होता, आणि दार एका बोटाने उघडलं.

नमस्कार.