कुंडी घेतली, पडदा पडला

(सकाळ, रिकामा रस्ता, विटांची इमारत)

हे घर नीट बघून घ्या, 'अ रेझिन इन द सन' हे नाटक लिहिणाऱ्या लॉरेन हॅन्सबेरीचं लहानपणीचं घर. ६१४० साउथ ऱ्होड्स अव्हेन्यू, शिकागो. तसं खास काही नाही, अशा इमारती या शहरात ढिगाने आहेत. पण १९३७ साली कार्ल हॅन्सबेरी या ब्लॅक माणसाने हे घर घेतलं आणि आख्ख्या गोऱ्या वस्तीचं डोकं फिरलं.

(खिडकी, कॅमेरा हळूहळू जवळ)

जमाव चालून आला, खिडकीतून काहीतरी जड भिरकावलं ते कार्लच्या मुलीला, लॉरेनला, लागता लागता राहिलं. सात-आठ वर्षांची होती ती. वडील कोर्टात लढत होते आणि आई रात्रभर भरलेलं पिस्तूल घेऊन घरात फेऱ्या मारायची.

(जुने कागद)

भांडण होतं ते या कागदावर. शेजाऱ्यांनी आपापसात केलेला करार, की इथलं घर ब्लॅक माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. शिकागोत अशा करारांनी वस्त्याच्या वस्त्या बंद केल्या होत्या. आता गंमत बघा, करार लागू व्हायला रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या आणि मोजल्या तेव्हा निघाल्या ५४ टक्क्यांच्या आसपास, तरी इलिनॉय राज्याचं कोर्ट म्हणालं की मागच्या एका खटल्यात करार वैध ठरलाय, विषय संपला. १९४० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, पण कशावर? तर त्या खटल्यात हॅन्सबेरी नव्हतेच, मग तो निकाल त्यांना कसा लागू होणार. वर्णभेदावर एक अक्षर नाही. कार्लचं घर वाचलं, बाकीच्या वस्त्यांमधले करार कोर्टं १९४८ पर्यंत मानतच होती.

कार्लही काही संत नव्हता, मोठे फ्लॅट तोडून बारीक खोल्या करायचा आणि भाड्याने द्यायचा. ते असो.

(स्टेज, नेपथ्य, दिवे चढतात)

हे लॉरेनचं नाटक, 'अ रेझिन इन द सन'. ११ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिला प्रयोग, पुढे ५३० झाले. ब्लॅक बाईने लिहिलेलं नाटक ब्रॉडवेवर पहिल्यांदाच येत होतं. नाटकातलं घर बघा. नातू सोफ्यावर झोपतो, बाथरूम कॉमन, एकुलत्या एका खिडकीत आजीचं मरतुकडं रोप.

आजोबांच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. मुलगा वॉल्टर गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर, त्याला दारूचं दुकान टाकायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आणि त्यांची आई, म्हणजे तीच रोपवाली आजी, परस्पर ३,५०० भरून घर बुक करून येते, तेही गोऱ्यांच्या वस्तीत. का? तर ब्लॅक लोकांसाठी बांधलेली घरं लांब आणि किंमत दुप्पट. उरलेले पैसे वॉल्टर धंद्यासाठी मित्राकडे देतो, मित्र पसार.

(दार. हा शॉट कापायचा नाही.)

आणि हा कार्ल लिंडनर, त्या वस्तीच्या कमिटीचा माणूस. आवाज चढत नाही, शिवी नाही, सगळं कसं समजुतीने. घर आम्हालाच विका, वर नफा घ्या. मघाचा तो कागदच सूट घालून आलाय.

पैसे बुडालेले असताना वॉल्टर याला नाही म्हणतो.

लोक म्हणतात शेवट गोड आहे. अहो, पण नाटक जुन्या घराच्या दारातच संपतंय! नव्या घरातली पहिली रात्र लॉरेनने दाखवलीच नाही, आणि ती कशी असते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? घरविक्रीत वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा १९६८ ला आला, ती १९६५ मध्येच गेली, ३४ व्या वर्षी, कॅन्सरने.

(सामान गेलंय. रिकामी खोली. आई परत येते, कुंडी उचलते, जाते. इथे निवेदन नको, फक्त दार लागल्याचा आवाज.)