कर्ज पंचवीस वर्षांचे, वस्तू तीन वर्षांची

श्रोतेहो, नमस्कार.

सार्वजनिक शाळांवरच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे यंदा किती कोटी. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो, गेल्या वर्षीपेक्षा तो वाढला की घटला एवढे पाहिले जाते आणि विषय तिथेच मिटतो. आज मी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराच्या शाळांचे एक प्रकरण सविस्तर सांगणार आहे, कारण तिथल्या नागरिकांनी आणि शिक्षकांनी आकड्याच्या पुढे जाऊन, हा पैसा आमच्याकडून कशासाठी मागून घेतला होता आणि तो लागला कशावर, हे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत ते विचारत राहिले.

अमेरिकेत शाळा चालवण्याचे काम बहुतेक ठिकाणी महापालिकेकडे नसते. त्यासाठी स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था असते आणि तिचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले शिक्षण मंडळ पाहते. लॉस एंजेलिस युनिफाइड हे न्यूयॉर्कच्या खालोखाल देशातले दुसऱ्या क्रमांकाचे डिस्ट्रिक्ट आहे. मंडळावर सात सदस्य असतात, ते अधीक्षकाची, म्हणजे रोजचा कारभार चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक करतात. २०१३ साली तिथे सुमारे साडेसहा लाख मुले शिकत होती आणि त्यांतली शंभरातली ऐंशीच्या आसपास मुले गरीब घरांतली होती.

या संस्थेच्या तिजोरीत पैसा दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. पगार, पुस्तके, वीज यांसारखा रोजचा खर्च मुख्यतः राज्य सरकारकडून येणाऱ्या निधीतून चालतो, कारण कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये सार्वमत घेऊन मालमत्ता करावर कडक मर्यादा घातली आणि स्थानिक संस्थांचे हात बांधले गेले. इमारतींसाठी मात्र कर्जरोखे काढता येतात. २००० साली झालेल्या दुसऱ्या एका सार्वमताने अशा रोख्यांना ५५ टक्के मतांची मंजुरी पुरेशी ठरवली, पण त्याबरोबर अटीही घातल्या: कोणती कामे करणार याची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी लेखापरीक्षण करायचे, नागरिकांची देखरेख समिती नेमायची, आणि या पैशातून शिक्षकांचे व प्रशासकांचे पगार द्यायचे नाहीत. कर्जाची परतफेड डिस्ट्रिक्टच्या हद्दीतले घरमालक मालमत्ता कराबरोबर करतात, आणि भाड्याने राहणाऱ्यांवर तो बोजा घरभाड्यातून येतोच.

लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९९७ ते २००८ या काळात पाच वेळा शाळांच्या इमारतींसाठीच्या कर्जाला होकार दिला. पहिला प्रस्ताव २ अब्ज ४० कोटी डॉलरचा होता आणि पाचवा ७ अब्ज डॉलरचा. हा होकार आंधळेपणाने दिलेला नव्हता. तिथल्या शाळा इतक्या खचाखच भरल्या होत्या की मुलांचे गट पाडून शाळा बारा महिने चालवावी लागे, एक गट सुट्टीवर गेला की दुसरा वर्गात येई, आणि हजारो मुलांना जवळच्या शाळेत जागा नाही म्हणून बसने दूर पाठवले जाई. या कर्जातून १३१ नव्या शाळा उभ्या राहिल्या. सार्वजनिक पैशातून झालेल्या एवढ्या मोठ्या आणि गरजेच्या कामाची आठवण त्यानंतरच्या गदारोळात पुसली जाऊ नये, असे मला वाटते.

जून २०१३ मध्ये मंडळाने ॲपल कंपनीबरोबर तीन कोटी डॉलरचा करार मंजूर केला. पहिल्या टप्प्यात ४७ शाळांमध्ये आणि पुढे डिस्ट्रिक्टमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला व शिक्षकाला आयपॅड द्यायचा, त्यात पिअर्सन या प्रकाशन कंपनीचा अभ्यासक्रम भरलेला असायचा, अशी ती योजना होती. एकूण अंदाज १ अब्ज ३० कोटी डॉलरचा होता. त्यातला निम्म्याहून कमी भाग आयपॅडसाठी आणि उरलेला शाळांमध्ये वायफाय व इंटरनेटची यंत्रणा बसवण्यासाठी लागणार होता. यासाठी पैसा घ्यायचा ठरले ते शाळा बांधण्याच्या कर्जरोख्यांतून.

तेव्हाचे अधीक्षक जॉन डीझी यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. श्रीमंत घरातल्या मुलाच्या हातात जे साधन सहज येते ते गरीब घरातल्या मुलाला शाळेने दिले नाही, तर ते त्याला कधीच मिळणार नाही, म्हणून हा नागरी हक्कांचा प्रश्न आहे, असे ते म्हणत. शिवाय राज्याच्या नव्या परीक्षा संगणकावर होणार होत्या आणि त्यासाठी शाळांमध्ये उपकरणे हवीच होती. हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. साडेसहा लाख मुलांच्या संस्थेने विषमतेचा विचार करून मोठे पाऊल उचलायचे ठरवले, यात हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही.

मात्र आक्षेप हेतूवर नव्हताच, आक्षेप कर्जावर होता. शाळेची इमारत पन्नास वर्षे उभी राहते, म्हणून तिचे कर्ज पंचवीस वर्षे फेडण्यात अर्थ आहे. आज चौदा वर्षांच्या असलेल्या मुलाच्या हातात दिलेला आयपॅड तीन-चार वर्षांत जुना होतो आणि मोडीत निघतो. त्याचे कर्ज मात्र तोच मुलगा चाळिशीकडे झुकला, त्याची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली, तरी कराच्या रूपाने फेडत राहतो. घर बांधण्यासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जातून कुणी मोबाइल घ्यावा, असा तो व्यवहार होता. आणि एकदा घेऊन भागणारे नव्हते. चार वर्षांनी तेवढीच उपकरणे पुन्हा घ्यावी लागली असती आणि त्या वेळी पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. शाळेची उभारणी आणि सजावट-साहित्य यांवर हा निधी खर्च करता येतो, असा कायद्यातला आधार डिस्ट्रिक्टच्या वकिलांनी दाखवला. पण मुलाच्या दप्तरातून घरी जाणारी वस्तू शाळेच्या इमारतीचे साहित्य ठरते का, हा प्रश्न सामान्य माणसालाही पडण्यासारखा होता.

लोकांना राग येण्याचे आणखी एक कारण होते. २००८ च्या मंदीनंतर याच डिस्ट्रिक्टने हजारो नोकऱ्या कमी केल्या होत्या, आणि शाळांतली किती तरी ग्रंथालये ग्रंथपालाविना बंद पडली होती. शिक्षकांना पैसा नाही आणि आयपॅडला आहे, हे कसे, असे पालक विचारू लागले. त्याचे कायदेशीर उत्तर सोपे होते, की रोख्यांचा पैसा पगाराला वापरताच येत नाही. हे उत्तर खरे असले तरी पुरते नव्हते, कारण तोच पैसा गळक्या छपरांना आणि मोडक्या नळांना वापरता येत होता. एका शिक्षकाने आयपॅडआधी दुरुस्त्या करा, अशी मोहीमच चालवली आणि ठिकठिकाणच्या शाळांतल्या पडझडीची छायाचित्रे लोकांसमोर आणली. त्या छायाचित्रांनी जे काम केले ते कोणत्याही अहवालाला जमले नसते, असे माझे मत आहे.

खरेदीचा तपशील बाहेर येऊ लागला तेव्हा चिंता वाढली. एक आयपॅड ६७८ डॉलरला पडत होता, म्हणजे दुकानातल्या किमतीहून जास्त, कारण त्यात अभ्यासक्रम, आवरण आणि तीन वर्षांची हमी धरलेली होती. करार झाला तेव्हा तो अभ्यासक्रम अर्धवट होता आणि त्याचा परवाना तीनच वर्षांचा होता. शिवाय लांब उत्तरे लिहायच्या परीक्षेसाठी मुलांना कळफलक लागणार, हे नंतर ध्यानात आले आणि त्याचा खर्च वेगळा.

सप्टेंबर २०१३ मध्ये बॉइल हाइट्स या कष्टकरी वस्तीतल्या रूझवेल्ट हायस्कूलमध्ये काय घडले ते जरा जवळून पाहू. आयपॅड हातात पडून आठवडा होतो न होतो, तोच मुलांच्या ध्यानात आले की उपकरणावर डिस्ट्रिक्टने टाकलेली वापरकर्त्याची नोंद पुसून टाकली की शाळेने घातलेली बंधने गळून पडतात आणि फेसबुक, यूट्यूब, हवे ते उघडते. ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली. तीन शाळांतल्या सुमारे तीनशे मुलांनी ती केल्याचे निघाले आणि आयपॅड घरी नेण्यास बंदी घालण्यात आली. तेव्हा मुलांच्या शिस्तीवरच बोलले गेले. मला त्यात मुलांपेक्षा मोठ्यांची निष्काळजी दिसते. आयपॅड हरवला किंवा फुटला तर भरपाई शाळेने द्यायची की आईबापांनी, याबद्दलही सुरुवातीला एकवाक्यता नव्हती, आणि दिवसाच्या रोजंदारीवर घर चालवणाऱ्या आईसाठी सातशे डॉलरचा हा प्रश्न साधा नव्हता.

आता त्या देखरेख समितीकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. समितीतले एक सदस्य स्टुअर्ट मॅग्रुडर हे वास्तुशिल्पी होते आणि रोख्यांचा पैसा आयपॅडवर खर्च करण्याला त्यांनी उघडपणे विरोध केला होता. २०१४ मध्ये त्यांची मुदत वाढवण्याचा साधा प्रस्ताव मंडळापुढे आला तेव्हा तो पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला. लोकांच्या पैशाची राखण करायला बसवलेल्या माणसाने राखण केली, म्हणून त्याला काढले, अशी भावना पसरली. टीका इतकी झाली की मंडळाला त्यांना परत घ्यावे लागले. समितीला खर्च थांबवण्याचा अधिकार नव्हता, तिचे काम सल्ला देण्याचे आणि जाहीरपणे बोलण्याचे होते. पण जाहीरपणे बोलण्याचे वजनही किती असते, ते तेव्हा दिसले.

ऑगस्ट २०१४ मध्ये केपीसीसी या तिथल्या सार्वजनिक रेडिओ केंद्राने सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मिळवलेले ईमेल प्रसिद्ध केले. निविदा निघण्याच्या बऱ्याच आधीपासून डिस्ट्रिक्टचे वरिष्ठ अधिकारी ॲपल आणि पिअर्सन या कंपन्यांशी पत्रव्यवहार करत होते, हे त्यांतून उघड झाले. आपण काही गैर केले नाही, असे डीझी यांनी सांगितले, पण काही दिवसांतच करार पुढे चालवणे थांबवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडले. डिसेंबरमध्ये केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयने डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून कागदपत्रांची वीस खोकी नेली. तो तपास २०१७ मध्ये कुणावरही आरोप न ठेवता बंद झाला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये पिअर्सनच्या अभ्यासक्रमावरून झालेल्या तडजोडीत डिस्ट्रिक्टला सुमारे ६४ लाख डॉलरची भरपाई मिळायचे ठरले.

दहा वर्षांनी त्याच डिस्ट्रिक्टने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा ‘एड’ नावाचा सहायक मार्च २०२४ मध्ये वाजतगाजत सुरू केला. तो बनवणाऱ्या छोट्या कंपनीने जूनमध्ये आपले बहुतेक कर्मचारी घरी बसवले, आणि तोपर्यंत साठ लाख डॉलरपर्यंतच्या करारातले सुमारे तीस लाख देऊन झाले होते. या वेळी रक्कम पूर्वीच्या मानाने लहान होती, पण जे बनून तयार नाही त्याचे पैसे आधी मोजण्याची सवय तीच होती. आणि तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ९ अब्ज डॉलरच्या नव्या कर्जरोख्यांना मोठ्या बहुमताने मंजुरी दिली. जुन्या इमारतींची दुरुस्ती थांबलेली आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि जाब विचारण्याची जागा आपल्या हातात आहे, याचाही त्यांना अनुभव होता.

आता मुंबईविषयी थोडे. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू चांगलाच होता. २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तके बदलली, म्हणजे टॅबच्या पोटातला अभ्यासक्रम बदलणेही ओघाने आले. वस्तूची किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही, ती नंतरच्या प्रत्येक वर्षी मोजावी लागते, हे इथेही लागू आहे. महापालिका शिक्षण खात्याचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडते आणि २०२४-२५ मध्ये तो साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर सलग काही अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले व प्रशासकानेच मंजूर केले. शिक्षण समितीची ती बैठक, जिथे एखादा नगरसेवक उठून आपल्या प्रभागातल्या शाळेच्या मुताऱ्यांविषयी विचारू शकत होता, ती या काळात झालीच नाही. मला याची खंत वाटते, आणि साडेतीन हजार कोटींच्या आकड्यापेक्षा अधिक वाटते.

आपल्याकडेही साधने आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या कायद्याआधी केला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात, आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो यावर लक्ष ठेवणे हे कायद्याने तिला दिलेले काम आहे. आपल्यापैकी कुणी अशा समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर अनुदानाचा हिशेब घ्यावा, अशी मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी करावी. कोणते अनुदान कशासाठी आले, त्यातून घेतलेली वस्तू किती वर्षे चालणार आणि ती बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हे तिथे विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

नमस्कार.