गाळावरचे वारकरी

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात खडकवासला धरणाचा विषय निघाला की गाळाच्या नावाने बोटे मोडली जातात. आज मी मात्र गाळाची बाजू घेऊन बोलणार आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूरमध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला आणि त्याच्यामागे पुराबरोबर आलेली माती वर्षानुवर्षे साचत राहिली. पाणीसाठा घटला, परंतु त्याच उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या, बेटे वर आली आणि पक्षी उतरू लागले. गाळामुळे साठा गेला, गाळामुळेच पक्षी आले. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणण्याची रीत मला मुळीच रुचत नाही. इतक्या भारदस्त नावाला उसने उपरणे कशासाठी?

एका डिसेंबरात माझ्या आत्याला घेऊन मी पहाटे तीनला पुण्याहून सिन्नरमार्गे निघालो. आत्या दरवर्षी पालखीला संगमवाडीपर्यंत चालत जाणारी. पक्ष्यांशी तिचा संबंध गॅलरीतल्या कबुतरांना हाकलण्यापुरता. चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचताच तिने विचारले, “एवढ्या मोठ्या पाण्यात तो बगळा मधोमध उभा कसा?” गावातला वाटाड्या म्हणाला, “मावशी, तिथं गुडघाभरच पाणी. खाली सगळा गाळ.” मग दूर बोट दाखवून तो सहज म्हणाला, “अन् ते बघा, वारकरी.”

आत्याने हात जोडले आणि विचारले, “कुठल्या दिंडीचे?”

मी हसू आवरले. वाटाड्याने मात्र गंभीरपणे दुर्बीण तिच्यासमोर धरली. ती बराच वेळ पाहत राहिली. काळाकुळकुळीत देह, पांढरी चोच आणि तिच्यावर थेट कपाळापर्यंत चढलेला पांढरा पट्टा. “अंगभर बुक्का फासलाय,” ती म्हणाली, “आणि वर गोपीचंदन. नाव ठेवणाऱ्याला डोळे होते हो.” या पक्ष्याला ‘चांदवा’ही म्हणतात, हे मी सांगू लागलो; पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

इतक्यात आकाशातून एक शिकारी पक्षी घिरट्या घालत खाली आला. वारकऱ्यांना एकदम हवेत झेपावता येत नाही. पंख फडफडवत पाण्यावरून पळत जावे लागते. शेकडो पाय पाण्यावर एकदम आपटू लागले आणि तो चुबुकचुबुक आवाज मनोऱ्यापर्यंत आला. आत्याने दुर्बीण सोडली, माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “पंढरी जवळ आली की वारकरी असेच धावत सुटतात. अरे, हा तर वेळापूरचा धावा!”