गुलामी बंद पाडणारी कमिटी आणि आपलं शरणपूर

नमस्कार मंडळी! आजची गोष्ट एका कमिटीची.

२२ मे १७८७. लंडनमधल्या एका छापखान्यात १२ जण जमले: ९ क्वेकर (एक छोटा, शांततावादी ख्रिस्ती पंथ), ३ अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे). गुलामांचा व्यापार बंद पाडायचा, एवढंच त्यांनी ठरवलं. हाताशी सत्ता नव्हती, होती ती फक्त वर्गणीची वही.

पण वर्गणी काढायची, सभा घ्यायची, हिशेब मांडायचा ही सवय लोकांना लागली कशी? जॉन वेस्ली हे अँग्लिकन पाद्री १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला कोळसा खाणीतल्या मजुरांना उघड्यावर प्रवचन द्यायला लागले. श्रद्धा वागण्यात दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांचे अनुयायी दर आठवड्याला छोट्या गटांत भेटायचे, गरिबांसाठी पैसे जमवायचे. वेस्लींनी चालवलेल्या या धर्मजागृतीचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं. सामान्य माणूस संस्था चालवायला शिकला.

त्या तीन अँग्लिकनांपैकी एक थॉमस क्लार्कसन. हा माणूस घोड्यावरून बंदरं पालथी घालत, खलाशांना बोलतं करत फिरला. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्यांना बेड्या मिळाल्या, अंगठे चिरडायचे स्क्रू मिळाले, आणि एक चिमट्यासारखं हत्यार. अन्न नाकारणाऱ्या गुलामांचं तोंड त्यानं जबरदस्तीनं उघडायचे. हे सगळं उघडपणे विकायला ठेवलेलं! क्लार्कसननी ते विकत घेतलं आणि पुरावा म्हणून लोकांना दाखवलं.

मग लोक हलले. बायकांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय आणायचं ते त्यांच्या हातात होतं. अनेक घरांतून गुलामांच्या मळ्यांतली साखर बंद झाली. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे ५१९ अर्ज गेले. आत खासदार विल्यम विल्बरफोर्स लढत होते, बाहेर गावोगावच्या कमिट्या. तरी गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा व्हायला १८०७ उजाडलं!

आता एक कटू गोष्ट, ती सांगायलाच हवी. बार्बाडोसमध्ये चर्चच्याच एका धर्मप्रचार संस्थेचे उसाचे मळे होते. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडानं ‘सोसायटी’ असा शिक्का मारत. आणि व्यापारानंतर १८३३ मध्ये गुलामगिरीच रद्द करताना २ कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मालकांना. गुलामांना दमडीसुद्धा नाही.

विल्बरफोर्स यांच्या गोतावळ्यातूनच १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी निघाली. तिचा धागा थेट नाशिकला येतो. हिंदी महासागरात ब्रिटिश नौदलानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरायची, आणि त्यातली कितीतरी नाशिकच्या शरणपूरमधल्या या सोसायटीच्या मिशनमध्ये वाढली. शाळा शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलेच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्यानं.

१८७५ मध्ये आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली, आणि ती उभारायला नाशिकची मंडळी होती. शरणपूरचेच विल्यम जोन्स पुढे जवळच्या राबईला पाद्री झाले आणि मालकांकडून पळून आलेल्यांना मिशनमध्ये आसरा देत राहिले.